मास्तरांचा आवाज बसला तो आठवडा

पत्रू मास्तरांचा आवाज पहिल्यांदा चिरकला तो पौषात, कवायत घेताना. त्यांनी सुंठ-गूळ खाल्ला, मिठाच्या गुळण्या केल्या आणि शिकवणं चालू ठेवलं. एका खोलीत चार वर्ग, पटावर एकतीस मुलं आणि मास्तर एकटे. पहिलीला अक्षरं म्हणायला लावायची, तोवर दुसरीचे पाढे, तिसरीचं शुद्धलेखन, चौथीचं भूगोलाचं पान. आणि सगळं शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं. तेवीस वर्षं ते हेच करत आले होते, त्यातली शेवटची चार कोसमटोल्यात. माघ लागला तेव्हा तोंड उघडलं की गळ्यातून नुसती हवा यायला लागली.

एका शुक्रवारी ते लाकडाच्या ट्रकवर बसून गडचिरोलीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरनं चमच्यानं जीभ दाबून बराच वेळ आत पाहिलं.

"मास्तर, आठ दिवस तोंडाला कुलूप. एक शब्द नाही."

"आणि शाळा?" मास्तर कुजबुजले.

"हे कुजबुजणंसुद्धा बंद. त्यानं जास्त बिघडतं. आत्ता ऐकलं नाहीत तर हा आवाज परत येईल याची हमी मी देणार नाही."

तिथून मास्तर शाळांच्या कचेरीत गेले. रजेचा अर्ज त्यांनी वाटेतच लिहून ठेवला होता. बडेबाबूंनी तो वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि खरोखरच वाईट वाटल्यासारखं ते म्हणाले, "बदली मास्तर कुठून आणू? एक माणूस शिल्लक नाही. त्यात सोमवारपासून उपक्रम सप्ताह. सगळ्या शाळांचे अहवाल वर पाठवायचे आहेत. बोलू नका तुम्ही, पण शाळा तेवढी उघडी ठेवा." आणि त्यांनी एक छापील कागद मास्तरांच्या हातात दिला. सहा वार, प्रत्येकापुढे एक उपक्रम. अक्षरखेळ, हस्तोद्योग, परिसर, बाजारातलं गणित, गोष्ट, आणि शनिवारी सफाई.

मास्तरांनी कागद चार घड्या करून खिशात टाकला. वाद घालायला आवाज नव्हता, आणि असता तरी त्यांनी घातला नसता. अंगात तेवढी रग उरली नव्हती.

सोमवारी त्यांनी पाटीला सुतळी बांधून ती गळ्यात अडकवली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'माझा आवाज बसला आहे. मी आठ दिवस बोलणार नाही.' तिसरी-चौथीच्या मुलांनी ते मोठ्यानं वाचलं. बाकीची मुलं एकदा फळ्याकडे आणि एकदा मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली. कोसमटोल्यात चाळीस घरं, त्यातली सहा-सात मराठी बोलणारी. बाकी सारा टोला गोंडांचा. लहान मुलं घरची बोली घेऊनच शाळेत यायची. मास्तर ओरडून ओरडून मराठी त्यांच्या कानांत घालायचे, ती कधीतरी आत मुरेल या भरवशावर.

अक्षरखेळासाठी त्यांनी जमिनीवर चिंचोके ओतले आणि खडूनं मोठा 'ग' काढून त्याच्या रेघेवर चिंचोके मांडून दाखवले. मुलांनी चिंचोके घेतले. कुणी ते टिचकीनं उडवायला लागलं, कुणी खिशात घातले. दुसरीतल्या दोघांची जुंपली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, छडी टेबलावर आपटली. एरवी त्यांच्या एका हाकेनं खोली गप्प व्हायची. आता ती हाकच नव्हती, आणि अर्ध्या तासात पोरांना ते कळलं.

दुपारी बुधरी पाणी घेऊन आली. बुधरी ही टोल्यातली विधवा बाई, पन्नाशीच्या आसपासची. शाळेचा माठ ती भरायची, अंगण झाडायची, आणि त्याबद्दल गाव तिला सुगीत धान घालायचं. तिनं दारातून पाहिलं: खोलीभर धुरळा, आणि मास्तर भिंतीला डोकं टेकून बसलेले, डोळे मिटून.

तिनं घडा खाली ठेवला आणि गोंडीत एकच काहीतरी बोलली. मोठ्यानंही नाही. पोरं जागच्या जागी बसली.

"काय लिवलं मास्तरनं?" तिनं धुरपताला विचारलं. धुरपता चौथीतली, कोतवालाची मुलगी. तिनं फळा वाचून दाखवला. बुधरी मास्तरांकडे वळली.

"आठ दिवस? अन् काऊन उघडली मग शाळा?"

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'हुकूम.' धुरपतानं वाचलं.

"बरं," बुधरी म्हणाली. पदर खोचून ती खाली बसली. "काय करायचं हाये या चिंचोक्याचं, ते लिवा. ही पोट्टी वाचंन, मी सांगतो लेकरायले."

असं सुरू झालं. मास्तर पाटीवर लिहायचे, धुरपता वाचायची, बुधरी ते गोंडीत सांगायची. 'रेघेवर नीट मांडा' एवढ्याला बुधरी बरीच वाक्यं वापरायची, मध्येच पोरं हसायची, आणि ती नेमकं काय सांगते ते मास्तरांना कळायचं नाही. पण शाळा सुटेपर्यंत जमिनीवर सतरा 'ग' तयार झाले होते. काही उलटे होते.

मंगळवारी हस्तोद्योग. कचेरीकडून आलेले कापसाचे पेळू पेटीत दमट होऊन पडले होते, टकळीवर सूत निघेना; हातभर झालं की तुटायचं. मास्तरांनी तिसऱ्यांदा जोडून दाखवलं. चौथ्यांदा मात्र टकळी बाजूला ठेवली. बुधरीनं विचारलंसुद्धा नाही. घरी जाऊन ती पळसाच्या मुळ्यांचा वाक घेऊन आली आणि पोरांत वाटला. वाकाचा दोर वळणं प्रत्येक पोराला येत होतं. मांडीवर तळहात घासत पोरं वळायला लागली, आणि वळता वळता बुधरी पहिलीच्या पोरांकडून पेड मोजून घ्यायला लागली. उंदी, रंड, मूंद.

पहिलीत झिंगू नावाचा मुलगा होता, सहा-सात वर्षांचा. आषाढापासून तो वर्गात एक अक्षरही बोललेला नव्हता. मास्तरांनी पटावर त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं 'मंद' लिहिलं होतं. त्या दिवशी बुधरीनं विचारलं आणि झिंगू बोलायला लागला तो थांबेचना. कोणता दोर कशाला, बैलाला किती पेडांचा, माच्याला किती, त्याच्या आजोबांचा दोर कसा तुटला आणि रेडा कसा धानात शिरला. बुधरीनं मास्तरांना थोडं थोडं मराठीत सांगितलं.

"बम हुशार हाये हा," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आठ महिने आपण कुणाशी बोलत होतो, असं वाटून अंगातलं उरलंसुरलं त्राणही गेल्यासारखं झालं. घरी जाऊन त्यांनी भात टाकला आणि तो व्हायच्या आत चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. भात खाली लागला. तोच त्यांनी खाल्ला. बायको-मुलं नागभीडजवळच्या गावी होती. करपलेला भात कुणाला दाखवायचा प्रश्न नव्हता.

बुधवारी परिसर. खरं तर पोरांना रानात न्यायचं होतं, पण मास्तरांचे पाय चालेनात. त्यांनी फळ्यावरच चित्रं काढायचं ठरवलं. चित्रकला त्यांची चांगली होती. ते जनावर काढणार, पोरं त्याचं नाव गोंडीत सांगणार, धुरपता मराठीत सांगणार, आणि मास्तर चित्राखाली दोन्ही नावं लिहिणार. पोरांना हा खेळ आवडला. मासा काढला, पोरं ओरडली, "मीन!" शेळी काढली, पोरं ओरडली, "येटी!" मास्तर लिहीत गेले. 

मग त्यांनी कुत्रं काढलं. शेपटी वर वळलेली, एक कान पडलेला. पोरं हसली आणि ओरडली, "नय!"

मास्तरांनी चित्राखाली लिहिलं, 'न', आणि पुढे 'य'. लिहून झाल्यावर धुरपताकडे बघितलं. धुरपता मराठी नाव सांगायचं सोडून खाली बघत होती. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच काहीतरी बोललं आणि खोलीत एकदम शांतता झाली. पहिलीची पोरं बुधरीकडे बघायला लागली.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'काय झालं?' धुरपतानं वाचलं, आणि तीही बुधरीकडे बघायला लागली.

बुधरीनं पोरांना खेळायला बाहेर सोडलं. ती दारापाशीच उभी राहिली.

"आमच्या बोलीत नय म्हंजे कुत्रं, मास्तर," ती म्हणाली. "तुमी दिवसभर म्हनता, नाई, नाई, असं नाई. मोठ्या पोट्ट्यायले समजते. बारक्यायले नाई समजत. त्यायले ऐकू येते, मास्तर आपल्याले कुत्रं म्हनून राह्यले. बोट दाखवून."

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"मंगली आठवते? माह्या भावाची, कोलूची पोरगी?"

मास्तरांना आठवत होती. पहिलीतली चुणचुणीत मुलगी, डोळे सारखे इकडेतिकडे. दिवाळीनंतर यायची बंद झाली. मास्तरांनी पटावर सलग गैरहजेरी मांडली होती आणि एकदा कोतवालाकरवी निरोप पाठवला होता. तो पोचला की नाही हे विचारलं नव्हतं.

"तुमी तिले 'घर' लिवाले सांगतलं. तिचं चुकलं. तुमी म्हनलं, नाई. तिनं पुन्हा लिवलं, पुन्हा नाई. पाच-सहा डाव. पोट्टे हासले. घरी जाऊन दोन दिवस रडली. बाप म्हने, कुत्रं म्हनते तं नोको जाऊ." बुधरीनं पदरानं तोंड पुसलं. "मंग म्या तिले समजावलं, की मराठीत नाई म्हंजे आपलं हिल्ले, कुत्रं नोहे. पन एकदा मनात बसलं ते बसलं."

मास्तरांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'आधी का सांगितलं नाही?' लिहिल्यावर लक्षात आलं की वाचायला धुरपता आत नाही. त्यांनी पाटी तशीच बुधरीपुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलं असेल ते तिला बरोबर कळलं.

"मी पानी भरनारी बाई," ती म्हणाली. "अन् तुमी कधी इचारलं?"

गुरुवारी शेजारच्या गावचा बाजार. दर गुरुवारी निम्म्याहून जास्त शाळा आईबापांबरोबर बाजाराला जायची; त्या दिवशी आठच मुलं आली. छापील कागदावर 'बाजारातलं गणित' लिहिलेलं होतं, आणि सगळं गणित बाजारात निघून गेलं होतं. मास्तरांनी आठांना पाट्यांवर चित्रं काढू दिली आणि अकराला शाळा सोडली. तेवीस वर्षांत वेळेआधी शाळा सोडायची त्यांची ही पहिलीच खेप. मग त्यांनी बुधरीला हातानं खूण केली. ती समजली आणि पुढे चालायला लागली.

कोलूचं घर टोल्याच्या टोकाला, रान सुरू होतं तिथं. कोलू अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. त्यानं मास्तरांना पाहिलं, माचा पुढे सरकवला, पण हातातलं काम थांबवलं नाही. बुधरी त्याच्याशी गोंडीत बोलली. बोलणं बराच वेळ चाललं. मास्तर माच्यावर बसून राहिले. धान साठवायच्या ढोलीमागून मंगली डोकावत होती. मास्तरांनी बघितलं की मागे सरायची.

काहीतरी करायला हवं होतं. मास्तरांनी पाटी मांडीवर घेतली आणि कुत्रं काढलं, कालच्यासारखंच, पडक्या कानाचं. त्यांचा विचार असा होता की चित्र मंगलीला दाखवायचं, तिच्याकडे बोट करून मान हलवायची, आणि मग चित्र पुसून टाकायचं. म्हणजे, तू हे नव्हेस. पण तिच्याकडे बोट करायची वेळ आली तेव्हा बोट उचलेना. ह्याच बोटाचं तर सगळं झालं होतं. मग त्यांनी हात आपल्याच छातीवर ठेवला. चित्राकडे बघितलं आणि पुन्हा छातीवर हात ठेवला.

बुधरी बोलता बोलता थांबली. कोलूनं कामटी खाली ठेवली.

ढोलीमागून मंगली बाहेर आली. पाटीपासून दोन हातांवर उभी राहून तिनं चित्र नीट पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बुधरीला काहीतरी विचारलं.

"इचारते, मास्तर काऊन बोलत नाई," बुधरी म्हणाली. "मी सांगतलं, आवाज मेला."

मंगलीनं परत काहीतरी विचारलं. बुधरी हसली, पण ते काय होतं हे तिनं मास्तरांना सांगितलं नाही.

कोलू पहिल्यांदाच मराठीत बोलला. "मास्तर, तुमी घरी आले, चांगलं केलं. पन बकऱ्या कोन राखंन? मोठा पोरगा जंगलखात्याच्या कूपात लाकडं तोडाले जाते. तिची माय बिमार. शाळेत गेली तं बकऱ्या लोकाच्या वावरात जातीन." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता.

मास्तरांनी हात जोडले आणि ते निघाले. वाटेत बुधरी म्हणाली, "येईन तं येईन. नाई तं नाई." मग तिला आपलाच शब्द लक्षात आला आणि ती भरभर पुढे चालायला लागली.

शुक्रवारी गोष्ट. गोष्ट बुधरीलाच सांगावी लागणार होती. तिनं आधी आढेवेढे घेतले, मग मांडी घालून बसली. मुलं सरकत सरकत तिच्या गुडघ्यांपर्यंत आली. मास्तर मागच्या बाकावर जाऊन बसले, तिसरीतल्या पोरांशेजारी. गोष्ट तासभर चालली. त्यात वाघ होता हे बुधरीच्या हातांवरून कळत होतं. बाकी काहीच कळत नव्हतं. पोरं हसली की मास्तरांना वाटायचं, आपणही हसावं. तोवर ती गप्प व्हायची. थोड्या वेळानं त्यांनी कळून घ्यायचा प्रयत्नच सोडला. छपराच्या वाशावर एक गांधीलमाशी घर करत होती, तिच्याकडे ते बघत बसले. त्यांना एकदम जाणवलं की पहिलीची पोरं छपराकडे बघतात म्हणून आपण त्यांच्या पाठीत धपाटे घातले आहेत.

मध्येच झिंगूनं मागे वळून त्यांना काहीतरी विचारलं. सगळी खोली त्यांच्याकडे बघायला लागली. मास्तरांनी अंदाजानं मान हलवली. पोरं खदखदून हसली. उत्तर चुकलं होतं, हे उघड होतं.

"तो इचारते, मास्तर, तुमी वाघ खाल्ला का," धुरपता म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. "तुमी हो म्हनलं."

मास्तर हसले. हसताना घसा दुखला, पण आठवड्यात पहिल्यांदाच दुखण्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. पोरांनी अंगण झाडलं, सारवण केलं, बाकं बाहेर काढून धुतली. प्रार्थना झाली तेव्हा धुरपतानं मास्तरांना खुणावलं. चिंचेखाली मंगली उभी होती, सात बकऱ्या घेऊन. ती आत आली नाही. मास्तरही पुढे गेले नाहीत. त्यांनी बुधरीकडे बघितलं. बुधरीनं मंगळवारी वळलेले दोर उचलले आणि ती चिंचेकडे गेली. दोघींनी मिळून बकऱ्या बांधल्या, एकेक करून. मंगली पायरीपर्यंत आली आणि उंबऱ्यावर बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर, तोंड बकऱ्यांकडे.

मास्तरांनी तिच्यापुढे एक पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा ठेवला, आणि ते लगेच दूर गेले. बराच वेळ पाटी तशीच पडून होती. मग तिनं ती ओढली. बकऱ्यांवर नजर ठेवूनच तिनं 'घर' लिहिलं. 'घ' चुकला होता. तो ध-सारखा दिसत होता. मास्तर पायरीवर तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी आपल्या पाटीवर मोठा 'घ' काढला. तिनं तो पाहिला, आपला पुसला आणि परत काढला. पुन्हा चुकला. मास्तरांनी पुन्हा काढून दाखवला. चौथ्या वेळी जमला. बोलायचं काहीच नव्हतं, आणि बोलता येत नव्हतं तेच बरं होतं.

एक बकरी सुटली. मंगली पाटी टाकून पळाली ती परत आली नाही. बाकीच्या बकऱ्याही सोडवून घेऊन ती रानाकडे निघून गेली.

पुढच्या बुधवारी मास्तरांचा आवाज परत आला, पण अर्धाच. खोलीच्या मधल्या खांबापर्यंत तो पोचायचा, त्याच्या पलीकडे नाही. पलीकडचं बुधरी सांगायची. तिला शाळेत नेमून घ्यावं असा अर्ज मास्तरांनी कचेरीला केला; असं पद नाही, असं उत्तर आलं. त्यांनी दुसरा अर्ज केला, त्याला उत्तर आलं नाही. बुधरी पाणी भरून झाल्यावर बसायची, जमेल तेवढा वेळ. मंगली आठवड्यातून दोनदा यायची, कधी एकदा. कोलूची बायको उठून बसायला लागल्यावर सलग चार दिवस आली. मग फाल्गुन सरला, रानात मोहफुलं पडायला लागली, आणि दर वर्षीप्रमाणे पहाटेपासून सगळा टोला टोपल्या घेऊन रानात गेला. पोरं गेली, मंगली गेली, बुधरीसुद्धा गेली.

आधीची चार वर्षं मास्तर ह्या दिवसांत पोरांना घरोघरी शोधत फिरले होते, आईबापांवर ओरडले होते. या वर्षी ते सकाळी शाळा उघडायचे, पटावर तारीख घालायचे आणि ओसरीवर पंचा डोक्याखाली घेऊन आडवे व्हायचे. उन्हं पायांवर आली की कूस बदलायचे. दुपारी पोरं रानातून परतताना, कधी तिघं, कधी पाच, हातातली टोपली खाली ठेवून त्यांच्या शेजारी पायरीवर टेकायची आणि ते जागे व्हायची वाट बघायची.